ऑफिसातला बदल आणि कर्मचाऱ्यांचा ताण: तीन फेऱ्यांचं सर्वेक्षण कसं करावं

एमए मानसशास्त्र आणि एमबीए-एचआरच्या लघुप्रबंधांत हा विषय दरवर्षी असतोच: कंपनीत मोठा बदल झाला, कर्मचाऱ्यांच्या ताणावर त्याचा काय परिणाम झाला? पद्धतही ठरलेली. बदलाला चार-सहा महिने होऊन गेल्यावर ओळखीच्या साठ-सत्तर जणांना गूगल फॉर्म पाठवायचा, एक सहसंबंध काढायचा आणि ‘बदलामुळे ताण वाढला’ असं लिहून मोकळं व्हायचं. त्या आकड्यांतून हा निष्कर्ष निघत नाही. ‘वाढला’ म्हणायचं तर आधी किती होता ते मोजलेलं हवं, आणि तेही त्याच माणसांचं. एचआर विभागांची अंतर्गत सर्वेक्षणंही बहुतेक वेळा इथेच फसतात.

खालची रीत तीन फेऱ्यांची आहे: बदलाआधी, बदलानंतर साधारण सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी. उदाहरणासाठी, खरेदी, स्टोअर, अकाउंट्स आणि डिस्पॅच या विभागांत जुनी पद्धत बंद करून नवी ईआरपी प्रणाली (सगळ्या विभागांचं काम एकाच ठिकाणी आणणारं सॉफ्टवेअर) आणणारी एक मध्यम आकाराची कंपनी धरली आहे. पहिल्या फेरीपूर्वीच्या तयारीलाच दोन महिने जातात. सेमिस्टर संपायला तीन महिने उरले असतील, तर हा अभ्यास हाती घेऊ नका.

## टप्पा १: बदलाच्या तारखा कागदावर मांडा

‘बदल’ कधी एका दिवसात होत नाही. घोषणा, प्रशिक्षण, जुन्या-नव्या पद्धतींचा समांतर वापर, प्रत्यक्ष सुरुवात आणि जुनी पद्धत बंद होणं, या पाच तारखा प्रोजेक्ट मॅनेजरकडून लिहून घ्या. विभागवार वेगळ्या असतील तर विभागवार घ्या, पुढे त्यांचा मोठा उपयोग होतो.

त्याच कागदावर ताण हलवणाऱ्या बाकीच्या गोष्टीही मांडा: मार्चअखेर, अप्रेझलचे आठवडे, दिवाळी बोनस, वेतनकरार, बदल्या, ऑडिट. अकाउंट्सची पहिली फेरी फेब्रुवारीत आणि दुसरी मार्चअखेरीस घेतलीत, तर आकडा वाढणारच, आणि त्याचा ईआरपीशी काडीचा संबंध नसेल.

याचं मोठं उदाहरण सार्वजनिक बँकांचं. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, तर ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या. त्याच्या आठवडाभर आधी, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी लागली होती. त्या महिन्यांत मोजलेल्या ताणातला विलीनीकरणाचा वाटा किती आणि साथीचा किती, हे एका बँकेच्या एका सर्वेक्षणातून वेगळं काढता येत नाही. शिवाय कागदोपत्री विलीनीकरण एका दिवसात झालं, तरी संगणकप्रणाली आणि शाखा एकत्र होण्याचं काम पुढे टप्प्याटप्प्याने चाललं. काउंटरवर बसणाऱ्या माणसासाठी बदलाची तारीख ही नंतरची.

> तपासा: एकाही फेरीच्या आधीचे चार आठवडे मार्चअखेर, अप्रेझल किंवा बोनसवर येत असतील तर फेरी सरकवा. सरकवता येत नसेल, तर तुलनेसाठी दुसरा विभाग अत्यावश्यक (टप्पा ५).

## टप्पा २: परवानगी, आणि व्यवस्थापनाला काय मिळणार नाही याचा लेखी करार

परवानगीचं पत्र सगळे घेतात. अहवाल कसा मिळेल हे लेखी ठरवायचं मात्र राहून जातं, आणि मग दुसऱ्या फेरीनंतर ‘स्टोअरमधले कोण इतके नाराज आहेत?’ असा फोन येतो. म्हणून पत्रात तीन गोष्टी हव्यात: कच्चा डेटा कंपनीला मिळणार नाही, १० पेक्षा कमी प्रतिसाद असलेल्या गटाचा आकडा दिला जाणार नाही, अप्रेझल, बदली किंवा शिस्तभंगासाठी ही माहिती वापरली जाणार नाही. सही विभागप्रमुखाची नको, कंपनीच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार असलेल्या माणसाची हवी. युनियन असेल तर पदाधिकाऱ्यांना पहिल्या फेरीआधी प्रश्नावली दाखवा. नंतर दाखवलीत तर पहिली फेरी ‘मॅनेजमेंटचा सर्व्हे’ ठरलेली असते.

विद्यापीठाच्या अभ्यासासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी डेटा गोळा करण्याआधी घ्यायची असते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हा तिथला नेहमीचा आधार. संमतिपत्र मराठीत, एका पानाचं. सहभाग ऐच्छिक आहे, मध्येच सोडता येईल, तीन वेळा विचारलं जाईल आणि उत्तरं जोडण्यासाठी कोड वापरला जाईल, हे चारही मुद्दे त्यात हवेत.

## टप्पा ३: काय मोजायचं ते वेगवेगळं ठेवा

सगळ्यात जास्त प्रबंध या टप्प्यावर बिघडतात. ताण या एका शब्दाखाली तीन गोष्टी एकत्र होतात: बाहेरची परिस्थिती (कामाचा बोजा, अपुरी माहिती, भूमिकेची अस्पष्टता), त्या परिस्थितीचं माणसाने केलेलं मूल्यमापन (हे मला झेपेल का?), आणि त्यातून झालेला परिणाम (थकवा, झोप उडणं, नोकरी सोडण्याचा विचार). लॅझारस आणि फोकमन यांच्या १९८४ च्या मांडणीत मधल्या पायरीवर भर आहे. म्हणूनच एकाच बदलाने शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांवर वेगवेगळा परिणाम होतो.

‘नव्या प्रणालीमुळे मला ताण येतो’ असं विधान स्वतंत्र चलात (कारण मानलेल्या घटकात) आणि ‘मला ताणल्यासारखं वाटतं’ हे परतंत्र चलात (परिणाम मानलेल्या घटकात) घातलं, तर सहसंबंध भरघोस येतो. पण तुम्ही तोच प्रश्न दोनदा विचारलेला असतो. बदलाबद्दलच्या विधानांत भावना नको, वस्तुस्थिती हवी: ‘माझ्या कामात नेमकं काय बदलणार हे मला वेळेवर सांगितलं गेलं.’

सिद्धांत बदलाच्या स्वरूपावरून निवडा. ईआरपीमुळे कामाचा वेग आणि क्रम स्क्रीन ठरवू लागते, माणसाच्या हातातला निर्णय कमी होतो. तिथे कॅरासेकचं मागणी-नियंत्रण प्रारूप (१९७९) बसतं. विलीनीकरणात ज्येष्ठता, बढती आणि बदलीचा प्रश्न असतो, म्हणजे केलेल्या कष्टाचं चीज होतंय का हा. तिथे सीग्रिस्टचं प्रयत्न-मोबदला असमतोलाचं प्रारूप (१९९६) घ्या. दोन्ही कोंबू नका, प्रश्नावली लांबते आणि हाती काही लागत नाही.

ईआरपीच्या उदाहरणासाठी पुरेसा संच असा:

- जाणवलेला ताण: कोहेन आणि सहकाऱ्यांच्या मापनीची (१९८३) १० विधानांची आवृत्ती. गुण ० ते ४०.
- कामामुळे येणारा थकवा: कोपनहेगन बर्नआउट प्रश्नावलीतला फक्त कामाशी संबंधित भाग, ७ विधानं. ही खुली आहे. मास्लाखची २२ विधानांची प्रश्नावली परवाना विकत घेऊनच वापरता येते. इंटरनेटवर पीडीएफ सापडली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.
- बदलाची माहिती ४ विधानं आणि ‘नवीन पद्धत मला जमेल’ हा विश्वास ३ विधानं. जिमीसन, टेरी आणि कॅलन यांच्या २००४ च्या दीर्घकालीन अभ्यासात कर्मचाऱ्यांच्या समायोजनासाठी तपासलेले मुख्य घटक हेच.
- बोजा आणि नियंत्रण मिळून ८, कामाचं समाधान ३.

एकूण ३५. दहा-बारा मिनिटांत होतं. उदय पारीक यांची भूमिका-ताण मापनी भारतीय आहे, चांगलीही आहे. दहा प्रकारचे भूमिका-ताण ती वेगळे दाखवते. पण ५० विधानं तीन-तीनदा कोणी मन लावून भरत नाही. एकाच फेरीचा अभ्यास असेल तर ती जरूर घ्या.

> सावधान: नैराश्याची पीएचक्यू-९ सारखी मापनी ‘सोबत असू दे’ म्हणून घालू नका. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्ममध्ये ‘हो’ आलं तर तुम्ही त्या माणसापर्यंत पोचू शकत नाही. ती व्यवस्था नसेल तर तो प्रश्न विचारायचा नाही.

## टप्पा ४: मराठी आवृत्ती

आधी पाहा, तयार मराठी आवृत्ती मूळ लेखकांकडे किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे का. नसेल तर क्रम असा: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, बसून एक मसुदा ठरवायचा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा, मग मूळ आणि उलट भाषांतर शेजारी ठेवून फरक काढायचे. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: पाच-सहा कर्मचाऱ्यांसमोर एकेक विधान वाचून ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ असं विचारायचं. त्यांत डिस्पॅचचा माणूसही हवा, फक्त ऑफिस स्टाफ नको.

ताणाच्या मापनीतलं आठवं विधान ‘on top of things’ या इंग्रजी वाक्प्रचारावर उभं आहे. शब्दशः केलं तर अर्थच उरत नाही. ‘सगळ्या गोष्टी आपल्या आटोक्यात आहेत असं किती वेळा वाटलं?’ असं ठेवा. ‘गेल्या महिन्यात’ म्हटलं की काही जण मागचा कॅलेंडर महिना धरतात, त्यामुळे ‘आजपासून मागच्या ३० दिवसांत’ असं लिहा. नकारार्थी विधानाला ‘कधीच नाही’ हा पर्याय आला की मराठीत दुहेरी नकार तयार होतो आणि माणूस चुकीच्या टोकाला खूण करतो. अशी विधानं होकारार्थी करा.

मग २० जणांवर पथदर्शी चाचणी. यातून वेळ, गाळलेले प्रश्न आणि गोंधळ कळतो. इतक्या कमी जणांवर विश्वसनीयता काढून ती प्रबंधात मिरवू नका.

## टप्पा ५: किती माणसं, आणि तुलनेचा गट

हिशेब मागून पुढे करायचा असतो. एकाच माणसाच्या दोन फेऱ्यांमधला लहानसा फरक (प्रमाण विचलनाच्या ०.३ पट) ५% सार्थकता पातळीवर आणि ८०% शक्तीने (म्हणजे फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता ८०%) पकडायला ९० जोड्या लागतात. तीन स्वतंत्र चलांच्या समाश्रयणात (रिग्रेशनमध्ये) मध्यम परिणामासाठी ७७ पुरतात, म्हणजे ९० धरा. प्रत्येक फेरीत चौथा हिस्सा गळतो असं मानलं, तर तीन फेऱ्यांनंतर ९० उरण्यासाठी सुरुवातीला १६० हवेत. दहातले सहा जण फॉर्म भरतात असं धरलं तर २६७ जणांना द्यायला हवा. कंपनीत एकूण १२० माणसं असतील, तर तिसरी फेरी सोडा किंवा मुलाखतींचा अभ्यास करा. ‘नमुना १०० पुरे’ हा जो अलिखित नियम फिरतो, त्याला काही आधार नाही.

प्रणाली विभागवार सुरू होत असेल तर तुमचं नशीब चांगलं. ज्या विभागात ती चार महिन्यांनी येणार आहे, तो आयता तुलनेचा गट. दोन्हीकडे ताण सारखाच वाढला तर कारण ईआरपी नाही, सगळ्यांना लागू असलेलं दुसरं काहीतरी आहे. पण त्या विभागालाही घोषणा ऐकून धास्ती लागलेली असते, हे लक्षात ठेवा.

## टप्पा ६: जोडणीचा कोड

नाव न घेता तीन फेऱ्यांचे फॉर्म जोडायचे असतात. माणूस कधी विसरणार नाही आणि एचआरच्या रेकॉर्डमध्ये सापडणार नाही, अशी माहिती हवी. इथे तीन खाचा आहेत.

एक, ‘आईच्या नावाचं पहिलं अक्षर’. श्रद्धा असेल तर कोणी ‘श’ लिहितं, कोणी ‘श्र’, आणि पुढच्या फेरीत तोच माणूस इंग्रजी ‘एस’ लिहितो. दोन, जन्मतारीख. ती एचआरकडे असतेच, शिवाय महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या अनेकांची शाळेत लावलेली तारीख १ जून असते, त्यामुळे चाळीसच्या पुढच्या कामगारांत एकच कोड पुन्हा पुन्हा येतो. तीन, मोबाइलचे शेवटचे आकडे. नंबर बदलतो, आणि तो एचआरकडेही असतो.

त्यापेक्षा फक्त अंकांचे तीन प्रश्न विचारा: आईला किती भाऊ-बहिणी (हयात नसलेले धरून, दोन अंकी), आईच्या माहेरच्या गावाच्या पिनकोडचे शेवटचे दोन अंक, आणि स्वतःच्या मनाने निवडलेला दोन अंकी आकडा. तिसरा आकडा काही जण विसरतील, पण चार अंक आणि विभाग जुळला तर बहुतेक जोड्या सापडतात. पिनकोड आठवत नसेल त्यांनी ‘००’ लिहायचं, हे फॉर्मवरच छापा.

> तपासा: पथदर्शी चाचणीतल्या त्याच २० जणांना दोन आठवड्यांनी फक्त कोड पुन्हा लिहायला लावा. १७ पेक्षा कमी जुळले तर प्रश्न बदला. इथे आळस केला तर पुढचे सहा महिने वाया जातात.

## टप्पा ७: फेऱ्या

पहिली: प्रत्यक्ष सुरुवातीच्या तीन-चार आठवडे आधी. तोपर्यंत घोषणा झालेली असते, त्यामुळे या आकड्यात धास्ती मिसळलेली असेल. त्याला ‘सामान्य पातळी’ म्हणू नका, ‘सुरुवातीपूर्वीची पातळी’ म्हणा. घोषणेआधी मोजता आलं तर सोन्याहून पिवळं, पण ते क्वचित जमतं.

दुसरी: सुरुवातीनंतर पाच ते सहा आठवड्यांनी. दहाव्या दिवशीच घेतलीत तर मापनी मागचे ३० दिवस विचारते, त्यातले २० बदलाआधीचे. उत्तर खिचडीसारखं येतं.

तिसरी: सहा महिन्यांनी. समायोजन झालं की नाही हे इथेच दिसतं. दुसऱ्या फेरीत ताण वाढणं हे नव्या कामाचं ओझं असू शकतं. तो सहाव्या महिन्यातही तिथेच असेल तर प्रश्न वेगळा आहे.

ऑनलाइन फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. ‘एकाने एकदाच भरावं’ ही सेटिंगही नको, कारण ती चालू असली की लॉगिन मागते, वर स्वतःचा ईमेल दिसतो आणि माणसाचा विश्वास उडतो. शॉप फ्लोअरवर कागदी फॉर्म आणि कुलूपबंद पेटी. शिफ्ट सुटताना द्यायचा नाही, बस पकडायची घाई असते. जेवणाच्या सुट्टीआधी, कामाच्या वेळेतच, सुपरवायझर खोलीबाहेर असताना. वय, लिंग, विभाग आणि सेवेची वर्षं एकत्र विचारलीत की ‘खरेदीतली ५४ वर्षांची एकमेव बाई’ आपोआप उघडी पडते. वय आणि सेवा गटांत विचारा (३५ पर्यंत, ३६ ते ४५, त्यापुढे), पद विचारूच नका.

प्रत्येक फॉर्मच्या शेवटी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ छापा. सगळ्यांच्या फॉर्मवर.

## टप्पा ८: गुणांकन आणि सफाई

ताणाच्या मापनीत ४, ५, ७ आणि ८ ही विधानं उलट मोजायची: ० चे ४, १ चे ३, असं. फॉर्मवर पर्याय १ ते ५ ठेवले असतील तर आधी प्रत्येकातून १ वजा करा. हे विसरल्यामुळेच ‘सरासरी ३१, म्हणजे तीव्र ताण’ असे निष्कर्ष छापले जातात, खरा आकडा २१ असतो. कोपनहेगन प्रश्नावलीत गुण ०, २५, ५०, ७५, १०० असे द्यायचे आणि सरासरी काढायची. कामाच्या भागातलं कुटुंब-मित्रांसाठी ताकद उरते का हे विधान उलट आहे.

क्रोनबाखचा अल्फा (एका मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) प्रत्येक फेरीचा वेगळा काढा. ०.७० च्या खाली आला तर प्रश्नावलीला दोष देण्याआधी उलट विधानं उलटी केलीत का ते बघा. अल्फा ऋण आला तर ती चूक जवळजवळ नक्की आहे. सगळीकडे एकाच रकान्यात खूण केलेले फॉर्म उलट विधानांमुळे लगेच ओळखू येतात. ते काढा आणि किती काढले ते लिहा.

‘० ते १३ कमी, १४ ते २६ मध्यम, २७ च्या पुढे जास्त’ हे पट्टे जालावर फिरतात. ही निदानाची मापनी नाही. या पट्ट्यांवरून ‘३०% कर्मचारी आजारी’ असं लिहिणं चूक आहे.

## टप्पा ९: विश्लेषण

आधी गळती पाहा. दुसऱ्या फेरीला न आलेल्यांचा पहिल्या फेरीतला ताण आलेल्यांपेक्षा जास्त होता का? असेल, तर तुमची सरासरी आपोआप खाली आली आहे. सगळ्यात त्रासलेले लोक फॉर्म भरत नाहीत, काही तर नोकरीच सोडून गेलेले असतात.

मग जोड्यांचा फरक. पण नुसत्या सरासरीवर थांबू नका. समजा दोन्ही फेऱ्यांत सरासरी १८ आली. निम्म्यांचा ताण ४ ने वाढला आणि निम्म्यांचा ४ ने उतरला, तरीही ती १८ च येते. ‘बदलाचा परिणाम नाही’ हा निष्कर्ष इथे साफ खोटा. प्रत्येकाच्या फरकाचा आलेख काढा, मग विभागवार बघा. बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच असते.

मुख्य प्रश्नासाठी (आधी मिळालेली माहिती आणि विश्वास यांचा नंतरच्या ताणाशी संबंध आहे का?) दुसऱ्या फेरीतला ताण परतंत्र चल घ्या. पहिल्या फेरीतला ताण, माहिती आणि जमेल हा विश्वास हे स्वतंत्र चल, तिन्ही पहिल्या फेरीतले. अशाने ‘आज वैतागलेला माणूस आज सगळंच वाईट सांगतो’ ही अडचण बरीच कमी होते, पूर्ण जात नाही. एका विभागातले लोक एकमेकांसारखी उत्तरं देतात. विभाग आठ-दहाहून कमी असतील तर बहुस्तरीय विश्लेषणाच्या फंदात न पडता विभाग हा चल म्हणून घाला. तुलनेचा गट नसेल तर ‘मुळे’ हा प्रत्यय अहवालात वापरू नका. ‘बदलाच्या काळात’ म्हणा.

## टप्पा १०: अहवाल देताना

१० पेक्षा कमी माणसांचा गट लपवला तरी वजाबाकीने उघड होतो. एकूण १३० जणांची सरासरी दिली, बाकी विभागांच्या १२४ जणांची दिली, की स्टोअरच्या सहा जणांचा आकडा कोणीही कॅलक्युलेटरवर काढेल. लहान गट शेजारच्या विभागात मिसळा आणि प्रत्येक तक्त्याची वजाबाकी स्वतः करून बघा.

व्यवस्थापनाला अहवाल दिलेल्या दिवसापासून आठवड्याच्या आत कर्मचाऱ्यांना एक पानी मराठी सारांश नोटीस बोर्डवर लावा. त्यात आकडे थोडे आणि काय होणार आहे ते जास्त: कोणत्या विभागाला पुन्हा प्रशिक्षण, समांतर नोंदी कधी बंद, अडचण आली तर कोणाला विचारायचं. दुसऱ्या फेरीनंतर हे पान लागलं नाही, तर तिसऱ्या फेरीत पेटीत कोरे फॉर्म सापडतात.